फुप्फुसविकारांवरील नवे संशोधन : औषध नेमके कोणाला?

सांजवारा (धागाकर्ता)

घरातल्या एका दीर्घ आजारपणामुळे गेली काही वर्षे फुप्फुसांच्या आजारांवरील मोठ्या ट्रायल्सचे निष्कर्ष मी शक्य तेवढे मुळातून वाचत आलो आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोठे चूक झाली असल्यास जाणकारांनी ती दाखवून द्यावी. या वाचनातून माझे एक मत बनले आहे. अलीकडे जी औषधे यशस्वी ठरली, त्यांच्या यशात ती कोणत्या रुग्णांना दिली याचा वाटा औषधाइतकाच मोठा होता. म्हणून श्वसनविकारांत सध्या सर्वांत मोलाचे काम निदानाच्या बाजूने चालले आहे, असे मला वाटते.

सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याच्या दीर्घ आजाराचे, उदाहरण घेतो. या आजारात बराच काळ जवळपास सगळ्यांना एकाच पायऱ्यांनी उपचार मिळत असत : आधी श्वासनलिका रुंदावणारा एक पंप, मग त्याच्या जोडीला दुसरा, आणि तरीही आजार वारंवार उसळत राहिला तर पंपातून स्टिरॉइड. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बोरियास' या ट्रायलमध्ये ९३९ रुग्ण होते. हे तिन्ही उपचार चालू असूनही त्यांचा आजार उसळत होता आणि त्यांच्या रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण दर मायक्रोलिटरला ३०० किंवा त्याहून जास्त होते. अशा निवडक रुग्णांना डुपिलुमॅबचे इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी वर्षभर दिल्यावर मध्यम व तीव्र उसळ्यांचे वार्षिक प्रमाण दर रुग्णामागे १.१० वरून ०.७८ वर आले, म्हणजे ३० टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी 'नोटस' या ९३५ रुग्णांच्या जुळ्या ट्रायलमध्ये ही घट ३४ टक्के निघाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने या औषधाला सीओपीडीसाठी मान्यता दिली.

मला यातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब ही वाटते की, इओसिनोफिलचा आकडा साध्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) अहवालात वर्षानुवर्षे छापून येत होता. तो रुग्णाच्या फायलीत पडून असे आणि त्यावरून उपचार बदलण्याची वेळ क्वचितच येई.

दुसरा मुद्दा निदानच न झालेल्यांचा. २०२४ साली कॅनडातील संशोधकांनी 'यूकॅप' या ट्रायलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी ३८,३५३ लोकांशी संपर्क साधून, दम लागणे, खोकला, घरघर अशी लक्षणे असूनही फुप्फुसाच्या कोणत्याही आजाराचे निदान न झालेले लोक शोधले आणि त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी, केली. त्यांतून ५९५ जणांना दमा किंवा सीओपीडी असल्याचे निघाले. पुढे ५०८ जणांना यदृच्छेने दोन गटांत विभागले. एका गटाची काळजी छातीविकारतज्ज्ञ आणि प्रशिक्षित शिक्षक यांनी घेतली, दुसऱ्याची नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनी. पहिल्या गटात श्वसनाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जाण्याची वेळ वर्षाला सरासरी ०.५३ वेळा आली, तर दुसऱ्यात १.१२ वेळा. यात कोणतेही नवे औषध नव्हते. फुंकर मारण्याची तपासणी दोन्ही गटांची झाली होती; तिच्या निकालाकडे एका गटात तज्ज्ञांनी नीट लक्ष दिले, एवढ्यावर हा फरक पडला.

याबद्दल इथल्या डॉक्टरांचे आणि आजार जवळून पाहिलेल्यांचे काय मत आहे?

दीर्घश्वास

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. आपल्या मांडणीशी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु सीओपीडी आणि इओसिनोफिल यांची कथा आपण मांडली तितकी सरळ नाही.

२०१९ साली बेनरालिझुमॅबच्या 'गॅलाथिया' आणि 'टेरानोव्हा' या दोन मोठ्या ट्रायल्सचे निष्कर्ष आले. हे औषध रक्तातील इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे करते, आणि ज्यांच्यावर मुख्य निष्कर्ष काढायचा त्या रुग्णांची निवडही इओसिनोफिल २२० किंवा अधिक अशी केलेली होती. तरीही उसळ्या लक्षणीय कमी झाल्या नाहीत. म्हणजे रुग्ण बरेचसे योग्य, औषध त्या पेशींवर नेमके काम करणारे, आणि तरी अपेक्षाभंग.

मग २०२४ च्या अखेरीस 'ॲब्रा' ही ट्रायल प्रसिद्ध झाली. औषध तेच, बेनरालिझुमॅब. पण ते नियमित प्रतिबंधासाठी न देता, दमा किंवा सीओपीडी उसळलेला असताना आणि त्या वेळी रक्तात इओसिनोफिल वाढलेले आढळले तरच, एकदाच टोचले. तुलना होती प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांशी, म्हणजे गेली पन्नासेक वर्षे आम्ही उसळीसाठी जे देत आलो आहोत त्याच्याशी. ९० दिवसांत उपचार फसण्याचे प्रमाण गोळ्यांच्या गटात ७४ टक्के होते, इंजेक्शन घेतलेल्या गटांत ४५ टक्के. पाच वर्षांपूर्वी जे औषध सीओपीडीसाठी जवळपास मोडीत निघाले होते, त्याच औषधाची ही गोष्ट आहे. त्यामुळे आपल्या 'कोणाला' या प्रश्नाला मी 'केव्हा' हा दुसरा प्रश्न जोडेन.

माझ्या रोजच्या कामात मात्र या महागड्या इंजेक्शनांपेक्षा एका छोट्या अभ्यासाने जास्त फरक पडला. डेन्मार्कमधील 'कॉर्टिको-सीओपी' या २०१९ च्या ट्रायलमध्ये सीओपीडीच्या उसळीमुळे दाखल झालेल्या रुग्णांचे इओसिनोफिल रोज तपासले आणि पहिल्या दिवसानंतर ते ३०० च्या खाली असतील त्या दिवशी स्टिरॉइड दिलेच नाही. नेहमीच्या गटात स्टिरॉइडचे मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यास मधल्या रुग्णाचे) पाच दिवस झाले, या गटात दोन. आणि रुग्णालयाबाहेर जिवंत राहण्याच्या दिवसांत काही उणे पडले नाही. वर्षाला तीन-चार वेळा स्टिरॉइडचा कोर्स घेणाऱ्या, मधुमेह आणि ठिसूळ हाडे असणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी ही मोठी सुटका आहे.

मोजपट्टी

संख्याशास्त्र हा माझा व्यवसाय आहे, म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी नोंदवतो.

पहिली, 'ॲब्रा'बद्दल. त्यात १५८ रुग्ण होते आणि ती दुसऱ्या टप्प्याची ट्रायल होती. दमा आणि सीओपीडी हे दोन्ही प्रकार तिच्यात एकत्र आहेत. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण एवढ्या आकारात परिणाम प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसण्याची शक्यता नेहमी असते. तिसऱ्या टप्प्याची मोठी ट्रायल होईपर्यंत मी ७४ आणि ४५ हे आकडे दिशादर्शक मानेन.

दुसरी, 'योग्य रुग्ण निवडणे' या कल्पनेबद्दल. ट्रायल फसल्यावर तिच्या आकडेवारीत मागाहून एखादा गट शोधायचा, त्यात औषध चालले असे दिसले की 'हेच ते योग्य रुग्ण' म्हणायचे, हा मार्ग धोक्याचा आहे. पुरेसे उपगट पाडले तर निव्वळ योगायोगाने कोठे ना कोठे फायदा दिसतोच. इओसिनोफिल कमी करणाऱ्या मेपोलिझुमॅब या आणखी एका औषधाच्या बाबतीत योग्य क्रम पाळला गेला : २०१७ च्या ट्रायल्समधून इओसिनोफिल जास्त असणाऱ्यांत फायद्याची शक्यता दिसली, पण तेवढ्यावर न थांबता ३०० चा उंबरठा आधीच जाहीर करून 'मॅटिनी' ही ८०४ रुग्णांची स्वतंत्र ट्रायल केली गेली. २०२५ मध्ये तिचा निकाल आला, उसळ्या २१ टक्क्यांनी कमी झाल्या आणि मगच मान्यता मिळाली.

आणखी एक. टक्केवारी वाचताना मूळ आकडा पाहावा. 'बोरियास'मधील १.१० आणि ०.७८ यांतला फरक ०.३२ आहे, म्हणजे साधारण तीन रुग्णांना वर्षभर औषध दिल्यावर एक उसळी टळते. ज्याची टळलेली उसळी रुग्णालयात दाखल होण्याइतकी तीव्र होती, त्याच्यासाठी हा लाभ मोठा आहे. ज्याला वर्षातून एकदा जरा जास्त खोकला येतो, त्याच्यासाठी दर पंधरवड्याच्या सुया कदाचित नकोशा असतील. हा निर्णय त्या दोघांनी वेगवेगळा घ्यायला हरकत नाही.

पारिजातक

मी रुग्णाची मुलगी म्हणून लिहिते आहे. माझ्या वडिलांना सुरुवातीला दीड वर्ष दमा समजून पंप दिले गेले. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम, एवढीच लक्षणे होती. एका नव्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले आणि सांगितले की खाली दोन्ही बाजूंना वेल्क्रो ओढल्यासारखा आवाज येतो आहे. नंतर एचआरसीटी (छातीचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) झाले आणि आयपीएफ, म्हणजे कारण न सापडणारा फुप्फुसांचा फायब्रोसिस, असे निदान झाले. त्या दीड वर्षाबद्दल मनात अजून रुखरुख आहे. सध्या त्यांना निन्टेडानिब चालू आहे, जुलाबांचा त्रास होतो, पण ते नेटाने घेतात. नव्या संशोधनात या आजाराबद्दल काही आशादायक आहे का?

दीर्घश्वास

पारिजातक, आपली रुखरुख मी समजू शकतो. हा आजार दम्यासारखा किंवा हृदयविकारासारखा भासतो आणि निदानाला उशीर होणे दुर्दैवाने फार सामान्य आहे.

आयपीएफचा इतिहास मुद्दाम थोडा विस्ताराने सांगतो, कारण 'नेमके निदान' आणि 'नेमका उपचार' यांची किंमत या आजाराइतकी क्वचितच दुसरीकडे दिसते. एके काळी यात प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत होती. फायब्रोसिस म्हणजे दाह, आणि दाह दाबला की आजार थांबेल, अशी त्यामागची समजूत. २०१२ साली 'पॅन्थर' या ट्रायलमध्ये प्रथमच त्यांची प्लासिबोशी (औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीशी) नीट तुलना झाली आणि ट्रायलचा तो भाग मध्येच थांबवावा लागला : औषधांच्या गटात आठ मृत्यू झाले होते, प्लासिबोच्या गटात एक. ज्या आजारात स्टिरॉइड उपयोगी पडते असे फुप्फुसाचे इतर फायब्रोसिस आहेत. सीटीवर काही वेळा ते एकमेकांसारखे दिसतात. म्हणूनच आता छातीविकारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून निदान ठरवावे असा आग्रह असतो.

२०१४ साली निन्टेडानिब आणि पिरफेनिडोन या दोघांचे निष्कर्ष आले. दोन्ही औषधे फुप्फुसांची घसरण मंदावतात, झालेले नुकसान भरून काढत नाहीत. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे एकामागून एक औषधे फसत गेली. मे २०२५ मध्ये 'फायब्रोनियर-आयपीएफ' या ११७७ रुग्णांच्या ट्रायलचा निकाल आला. नेरँडोमिलास्ट हे तोंडाने घ्यायचे औषध ५२ आठवडे दिल्यावर, जोरात सोडलेल्या श्वासाचे एकूण आकारमान प्लासिबोच्या गटात सुमारे १८३ मिलिलिटरने घटले, तर जास्त मात्रेच्या गटात सुमारे ११५ मिलिलिटरने. बहुतेक रुग्ण आधीच जुन्या दोनपैकी एक औषध घेत होते, म्हणजे हा फायदा त्यांच्या वरचा आहे. जुलाब यातही होतात. पिरफेनिडोनसोबत दिल्यास रक्तातील या औषधाची पातळी कमी होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

घसरण थांबत नाही, मंदावते. हे मी आपल्यापासून लपवणार नाही. पण मंदावलेल्या वर्षांची किंमत आपल्या घरात आपल्याला ठाऊक असेलच.

नितळ

क्षयरोगाचा उल्लेख अजून झाला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. तिथेही निदानाच्या वेगाने उपचाराचे रूप पालटले. जीन-एक्सपर्ट तपासणी सुमारे दोन तासांत जंतू आहेत की नाही आणि ते रिफाम्पिसिन या क्षयावरील मुख्य औषधाला दाद देतील की नाही, दोन्ही सांगते. त्यामुळे औषध-प्रतिरोधक क्षयाचे रुग्ण लवकर ओळखता येतात, आणि त्यांच्यासाठी 'टीबी-प्रॅक्टिकल' या २०२२ च्या ट्रायलने सहा महिन्यांचा, पूर्णपणे गोळ्यांचा उपचार सिद्ध केला : अपयशी निकाल नव्या उपचारात ११ टक्के, जुन्यात ४८ टक्के. जुना उपचार नऊ ते वीस महिने चाले.

सांजवारा (धागाकर्ता)

दीर्घश्वास आणि मोजपट्टी, दोघांचेही आभार. 'केव्हा' हा प्रश्न माझ्या मांडणीत राहून गेला होता, हे मान्य. तो लक्षात घेऊन तीव्र न्यूमोनियातील स्टिरॉइडचा वाद पुन्हा वाचला. २०२३ च्या फ्रेंच 'केप कॉड' ट्रायलमध्ये हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर २८ दिवसांतील मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. त्याआधी अमेरिकेतील 'एस्केप' ट्रायलमध्ये मिथाइलप्रेडनिसोलोनचा असा काही फायदा दिसला नव्हता. फ्रेंच अभ्यासात औषध गंभीर लक्षणे दिसल्यापासून २४ तासांच्या आत सुरू होत होते, अमेरिकेतील अभ्यासात त्याला तीन-चार दिवसांपर्यंत मुभा होती. हा फरक वेळेचा म्हणावा का?

दीर्घश्वास

वेळ हे एक संभाव्य कारण आहे. औषधही वेगळे होते, रुग्णही. 'केप कॉड'मधून फ्लूचे रुग्ण वगळले होते, कारण त्यांच्यात स्टिरॉइडने अपाय होण्याची भीती आहे. आणि त्यानंतर २०२५ मध्ये 'रिमॅप-कॅप' या आंतरराष्ट्रीय ट्रायलच्या गटाला हायड्रोकॉर्टिसोनचा मृत्यूदरावर फायदा दिसला नाही. म्हणून न्यूमोनिया झालेल्या प्रत्येकाला स्टिरॉइड, असे कोणी समजू नये. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या, जंतू ठाऊक असलेल्या, रक्तदाब ढासळत असलेल्या रुग्णाचा विचार वेगळा आणि वॉर्डातील रुग्णाचा वेगळा.

गवाक्ष

निदानाच्या बाजूने कर्करोगाबद्दल लिहायला हवे, कारण तिथे निदान करतानाच रुग्णाला इजा होऊ शकते. 'एनएलएसटी' या ५३ हजारांहून अधिक लोकांच्या अमेरिकी ट्रायलने २०११ मध्ये दाखवले की दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांची दरवर्षी कमी मात्रेची सीटी तपासणी केली तर साध्या एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात. मात्र संशयास्पद निघालेल्या निकालांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक कर्करोगाचे नव्हतेच. युरोपातील 'नेल्सन' अभ्यासाने गाठीचे आकारमान मोजून आणि ती किती वेगाने वाढते ते पाहून हे खोटे इशारे खूपच कमी केले.

तरीही काही गाठींचा तुकडा काढावाच लागतो. माझ्या सासऱ्यांच्या छातीत सुईने बायोप्सी केल्यावर फुप्फुसाभोवती हवा शिरली, नळी घालावी लागली, आठवडाभर ते दवाखान्यात होते. आणि गाठ निरुपद्रवी निघाली. म्हणून २०२५ ची 'व्हेरिटास' ट्रायल मी फार आस्थेने वाचली. १० ते ३० मिलिमीटरच्या गाठींसाठी श्वासनलिकेतून दुर्बिणीने, संगणकाच्या मार्गदर्शनाखाली गाठीपर्यंत पोचण्याची पद्धत आणि छातीतून सुई घालण्याची पद्धत यांची तुलना तिच्यात केली होती. निदानाची अचूकता अनुक्रमे ७९ आणि ७३.६ टक्के, म्हणजे दुर्बीण सुईच्या मागे नाही. फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचे प्रमाण मात्र ३.३ टक्के आणि २८.३ टक्के.

ही दुर्बिणीची पद्धत सर्वत्र उपलब्ध नाही, हे जाणतो. पण बायोप्सी सुचवली गेली तर दोन्ही मार्गांबद्दल विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे मी कळकळीने सांगेन.

मोजपट्टी

निदानाच्या साधनांबद्दल एक नोंद राहिली. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेत ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते. ज्या यंत्राच्या एका आकड्यावर दाखल करायचे की घरी पाठवायचे हे ठरते, त्याच्याबद्दल हे कळायला इतका उशीर व्हावा, याचे मला दुःख वाटते.

पारिजातक

ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर विचारते. वडिलांना आता घरी कॉन्सन्ट्रेटर लावावा लागेल असे सांगितले आहे. दिवसातून किती तास? चोवीस तास नळी नाकाला असणे त्यांना नकोसे वाटते. स्वीडनमधील 'रेडॉक्स' नावाच्या एका ट्रायलविषयी कोठेतरी वाचले, की पंधरा तासही पुरतात.

दीर्घश्वास

'रेडॉक्स' २०२४ ची आहे. ऑक्सिजन सतत खूप कमी असलेल्या २४१ रुग्णांना रोज २४ तास किंवा १५ तास ऑक्सिजन दिला, आणि वर्षभरातील मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे यांत फरक आढळला नाही. सीओपीडीच्या रुग्णांना मी आता हे सांगतो आणि त्यांचे चेहरे खुलतात.

परंतु त्या ट्रायलमध्ये बहुसंख्य रुग्ण सीओपीडीचे होते. फायब्रोसिसमध्ये बसून असताना ऑक्सिजन ठीक असतो आणि चार पावले चालताच झपाट्याने खाली येतो, असे वारंवार घडते. त्यामुळे तासांचा हिशेब करण्याआधी वडिलांची सहा मिनिटे चालण्याची तपासणी करून घ्या आणि रात्री झोपेतले प्रमाणही मोजायला सांगा. चालताना घसरण होत असेल तर ऑक्सिजन हालचालीच्या वेळी लागेल आणि आरामखुर्चीत बसलेले असताना कदाचित नळी काढता येईल. दोन्ही तपासण्यांचे आकडे आले की इथे लिहा. पण तास ठरवायचे ते त्यांच्या डॉक्टरांनीच, ते आकडे समोर ठेवून.

पारिजातक

पुढच्या आठवड्यात भेट आहे. दोन्ही तपासण्या मागून घेते आणि कळवते.